एक्सलचा बूट नवा, तरी ग्रीस बाहेर का येते?

पावसाळा सरत आला की इंदूरच्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते: "भिया, एक्सल का बूट फट गया है." गाडी जॅकवर चढवलेली असते, चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतात, आणि बूट म्हणजे नेमके काय हेच ठाऊक नसल्याने गाडीचा मालक मान डोलावून खर्चाला होकार देतो. बूट, म्हणजे एक्सलच्या सांध्यावरचे रबरी आवरण, बदलला जातो. दिवाळी होते न होते तोच त्याच चाकाशी पुन्हा काळे डाग दिसू लागतात, आणि 'हल्ली रबरच चांगले मिळत नाही' असा निवाडा होऊन प्रकरण मिटते. रबर वाईट असतेही कधी कधी; परंतु नवा बूट इतक्या लवकर गळू लागला असेल, तर पहिला संशय घ्यावा तो बुटाला दोन्ही टोकांना धरून ठेवणाऱ्या पट्टीचा, म्हणजे क्लॅम्पचा. ही पट्टी कोणत्या प्रकारची आहे, कुठे बसवली आहे आणि किती आवळली आहे, यावर काही हजारांच्या एक्सलचे आयुष्य अवलंबून असते, आणि बिलात मात्र तिचा उल्लेखही नसतो.

एक्सलला बूट लागतोच कशाला?

अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी चालवलेल्या पिढीला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्या गाड्यांची मागची चाके गाडीला ढकलत आणि पुढची चाके फक्त वळत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. आज शहरात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच पद्धतीच्या आहेत. या रचनेत पुढच्या चाकाला गिअरबॉक्सकडून आलेली ताकद घेऊन फिरायचे असते, त्याच वेळी स्टिअरिंगबरोबर डावीउजवीकडे वळायचे असते, आणि खड्डा आला की वरखाली व्हायचे ते निराळेच. त्यामुळे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा फिरता दांडा, म्हणजे एक्सल, अखंड सरळ असून चालत नाही. त्याला फिरता फिरता वाकावे लागते आणि आपली लांबीही थोडी कमीजास्त करावी लागते.

वाकणारा सांधा पूर्वीपासून होता. ट्रकच्या खाली लांब शाफ्टला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस लावलेला असतो, तोच तो. मात्र त्यात एक खोट आहे: तो वाकवून फिरवला की एका फेरीत पुढचा दांडा दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस लावून हा फरक मिटवता येतो. वळत्या चाकाशी ती युक्ती चालत नाही आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. यावर तोड म्हणून आला सीव्ही जॉइंट, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत वाकूनही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा. फोर्ड कंपनीतील अभियंता अल्फ्रेड रझेप्पा याने 1920 च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा असा सांधा घडवला, आणि 1959 साली आलेल्या ब्रिटनच्या मिनी या गाडीने तो छोट्या गाडीत रुळवला. आजही चाकाकडच्या बाजूला बहुधा याच वंशातला सांधा असतो. गिअरबॉक्सकडच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत तीन रोलरांचा सांधा असतो. तो कमी वाकतो, पण आतबाहेर सरकतो, म्हणून लांबीचा हिशेब तो सांभाळतो.

एका एक्सलला असे दोन सांधे, प्रत्येक सांध्यावर एक बूट आणि प्रत्येक बुटाला दोन क्लॅम्प, असा हिशेब केला तर एका गाडीत चार बूट आणि आठ क्लॅम्प होतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही हे सारे जसेच्या तसे असते. इंजिन गेले म्हणून एक्सल गेलेला नाही.

सांध्याला इंजिनासारखे फिरते तेल मिळत नाही. मुठीत मावेल एवढे ग्रीस एकदा भरायचे आणि त्यावर वर्षानुवर्षे चालायचे, असा तो व्यवहार आहे. गोळ्या आणि त्यांच्या खाचा इतक्या घट्ट मापात घासून गुळगुळीत केलेल्या असतात, की चिमूटभर रेती आत गेली तरी ती सहाणेचे काम करते. आपल्या माळव्यातली काळी माती तर पावसात लोण्यासारखी मऊ आणि वाळल्यावर दगडासारखी कडक. ती ग्रीसमध्ये कालवली गेली की सांध्याच्या खाचा खरवडू लागतात, आणि मग पूर्ण वळणावर 'कट-कट' असा तो ओळखीचा आवाज येतो. त्या आवाजानंतर बूट बदलून उपयोग नसतो.

क्लॅम्पचे खरे काम

बूट म्हणजे घड्या घातलेला रबरी भाता. त्याचे मोठे तोंड सांध्याच्या वाटीवर बसते आणि छोटे तोंड दांड्यावर. लोणच्याच्या बरणीवर आपण दादरा बांधतो, तेव्हा लोणचे टिकवण्याचे काम कापडापेक्षा गळ्याशी बांधलेली दोरी करते: ती सगळीकडून सारखी बसली पाहिजे, बरणीच्या खाचेतच बसली पाहिजे आणि गाठीखाली फट राहता कामा नये. क्लॅम्पकडून नेमकी हीच अपेक्षा असते. फरक एवढाच, की बरणी फडताळात गप्प बसते आणि एक्सल गरगर फिरतो.

किती गरगर, ते पाहण्यासारखे आहे. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण 1.8 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक, आणि अर्थात त्याचा एक्सल, मिनिटाला सुमारे 740 फेऱ्या घेतो. सांध्याच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर, म्हणजे बुटाच्या मोठ्या तोंडाशी, या वेगाला बाहेर फेकणारा जोर वजनाच्या जवळपास 28 पट भरतो. आतले ग्रीस त्या जोराने क्लॅम्पच्या रेषेवर दाबले जात असते. ताशी 80 हा काही मोठा वेग नव्हे; पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रातल्या 11.3 किलोमीटरच्या चाचणीमार्गावर याच्या तिप्पट वेगानेही गाडी पळवता येते. तरी इतक्यावरसुद्धा ग्रीसला केसाएवढी फट पुरते.

दुसरी गोष्ट घड्यांची. सांधा वाकलेला असताना प्रत्येक फेरीत बुटाची प्रत्येक घडी एकदा उघडते आणि एकदा मिटते. किलोमीटरला अशा साडेपाचशेच्या वर उघडझापी होतात. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या वळणांवर त्या अधिक खोल होतात, आणि प्रत्येक वेळी बुटाचे तोंड आपल्या जागेवरून किंचित ओढले जाते. म्हणून क्लॅम्पला ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवण्याच्या जोडीला बुटाचे तोंड खाचेतून निसटू न देण्याचेही काम करावे लागते. दांड्यावर बूट जरासा जरी सरकला, तरी एका बाजूच्या घड्या ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर घासतात, आणि मग रबर फाटते. असा बूट 'रबर फाटले' या सदरात जमा होतो. खरा दोष क्लॅम्पचा असतो.

तिसरी गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते. सतत दाबून ठेवलेले रबर हळूहळू तो दाब अंगवळणी पाडून घेते आणि त्याची उसळी कमी होते. उष्णतेत हे लवकर होते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना डांबराच्या वर काही इंचांवर फिरणाऱ्या बुटाची कल्पना करावी. म्हणजे आज घट्ट बसलेली पट्टी सहा महिन्यांनी तेवढीच घट्ट राहील असे नाही. चांगल्या क्लॅम्पमध्ये रबराच्या या माघारीबरोबर स्वतः थोडे मिटण्याची लवचीकता ठेवलेली असते, आणि सगळ्या प्रकारांतला फरक मुळात इथे आहे.

बाजारात मिळणारे प्रकार

सर्वांत जास्त दिसतो तो कानाचा क्लॅम्प. पातळ पोलादी पट्टीला एका जागी उंच उभा उंचवटा ठेवलेला असतो, त्याला कान म्हणतात. पट्टी बुटाभोवती गुंडाळून तिचे आकडे एकमेकांत अडकवायचे आणि मग कानाच्या दोन्ही पायांना जंबुराने चिमटा घ्यायचा. कान मिटतो तसा घेर लहान होतो. कानाच्या डोक्यावर एक छोटासा खळगा असतो, तो शोभेसाठी नाही: चिमटल्यावर तो स्प्रिंगसारखा ताण धरून ठेवतो आणि रबर बसले की त्यामागून पट्टीही बसत जाते. चांगल्या प्रतीच्या क्लॅम्पमध्ये कानाखाली पट्टीची एक जीभ दुसऱ्या टोकाच्या खाचेत सरकते, त्यामुळे आतून घेर कुठेही तुटत नाही. स्वस्तातल्या क्लॅम्पमध्ये ही जीभ नसते आणि कानाखाली अर्धा सेंटिमीटर रबर विनादाब राहते. गळती नेमकी तिथून सुरू होते.

दुसरा प्रकार बसक्या क्लॅम्पचा. त्याला कान नसतो. पट्टीचे दात एका खास पकडीने ओढून खाचांत अडकवतात. जिथे आजूबाजूला जागा कमी असते तिथे कारखान्यातून हाच बसवून येतो. तिसरा प्रकार लांब पट्टीचा: ती बकलातून ओढून ताणायची, मागे दुमडायची, उरलेली कापायची आणि बकलाचे कान ठोकून बसवायचे. दुमडलेले टोक चाक पुढे फिरण्याच्या दिशेच्या उलट ठेवावे, असे अनेक सर्व्हिस मॅन्युअल सांगतात. टोक फिरण्याच्या दिशेला तोंड करून राहिले तर चिखल, गवत, चिंधी जे लागेल ते त्याला उघडत जाते. हा नियम डाव्या आणि उजव्या एक्सलला वेगवेगळा लागू पडतो, आणि घाईत तोच विसरला जातो.

कोणता प्रकार घ्यावा हे बूट कशाचा आहे यावर ठरते. मऊ, किंचित मळकट काळा बूट बहुधा निओप्रीन रबराचा असतो. नखाने दाबून पाहिला तर कडक आणि चकचकीत वाटणारा बूट प्लॅस्टिकच्या कुळातला असतो. तो जास्त टिकतो, पण हट्टी असतो, आणि त्याचे तोंड धातूवर नीट बसवायला बराच अधिक जोर लागतो. अशा बुटावर हाताने ओढलेली पातळ पट्टी लावली की ती घट्ट दिसते आणि तरीही गळते. बुटाच्या किटमध्ये दिलेले क्लॅम्प त्या बुटासाठीच निवडलेले असतात. ते बाजूला ठेवून दुकानातल्या डब्यातले लावण्याची पद्धत, निदान मला, कधीच कळलेली नाही.

'होज क्लिप लावली तर काय बिघडते? रेडिएटरला तर चालते'

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पेच फिरवून आवळायची होज क्लिप कुठेही मिळते, साध्या स्क्रू ड्रायव्हरने बसते आणि हवी तेव्हा सोडता येते. लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातील माजी अधिकाऱ्याने तिचे पेटंट 1921 साली घेतले, आणि ज्या कामासाठी ती बनवली त्या कामात, म्हणजे स्थिर नळी घट्ट धरण्यात, तिला तोड नाही. रेडिएटरची नळी जाड असते आणि ती फिरत नाही. एक्सलच्या बुटाबाबत या दोन्ही गोष्टी उलट आहेत.

क्लिपचे पेच धरणारे घर सुमारे 10 ग्रॅमचे धरले, तर वर सांगितलेल्या वेगाला ते पाव किलोहून थोडे जास्त ओझे लटकवल्याच्या जोराने एकाच बाजूला बाहेर खेचत असते. त्याच घराखाली पट्टी गोल न राहता सपाट होते, त्यामुळे तिथे दाब कमी आणि दोन्ही कडांना जास्त पडतो. एक्सलच्या छोट्या व्यासावर हा दोष आणखी ठळक होतो. पट्टीला पेचासाठी पाडलेल्या खाचा मऊ रबराचे बारीक तुकडे कुरतडतात. शिवाय ते घर बाहेर आलेले असते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते चाक धरणाऱ्या नकलला किंवा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या तारेला घासणार नाही याची खात्री कोणी करून घेत नाही. आणि धक्क्यांनी पेच सैल होतो तो वेगळाच.

गाव दूर आहे, बुटाचे तोंड सुटले आहे आणि खिशात होज क्लिपच आहे, अशा वेळी ती लावून घरी यावे. पण घरी येण्यापुरतीच.

'दोन केबल टाय ओढून लावले, वर्षभर काही झाले नाही'

असेही होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बूट मऊ रबराचा असेल, छोट्या तोंडाशी असेल आणि टाय रुंद, चांगल्या प्रतीचा असेल, तर तो बरेच दिवस धरतो. तरी केबल टायचा जन्म 1958 साली विमानातल्या तारांच्या जुड्या बांधण्यासाठी झाला, आणि तारांच्या जुडीला गळती नसते. नायलॉन सतत ताणाखाली हळूहळू लांबते, उन्हाने आणि उष्णतेने ठिसूळ होते, आणि त्याच्या गाठीखाली बरणीच्या दोरीच्या गाठीसारखीच मोकळी जागा राहते. मोठ्या तोंडाशी, जिथे ग्रीस सर्वांत जोराने दाबले जाते, तिथे तो लावणे म्हणजे गळतीची तारीख पुढे ढकलणे होय. ज्याचा टाय वर्षभर टिकला तो ते चारचौघांत सांगतो. ज्याचा निसटला तो एक्सल बदलून गप्प बसतो.

'मग खूप आवळावे, म्हणजे प्रश्नच नाही'

प्रश्न असतो. जास्त आवळलेली पट्टी मऊ रबरात रुतते आणि तिच्या कडेला बारीक चीर पडते, जी पहिल्या काही आठवड्यांत दिसतही नाही. कानाचा क्लॅम्प पूर्ण चेपून टाकला तर त्या खळग्याची स्प्रिंग मरते आणि पुढे रबर बसल्यावर मागोमाग बसायला पट्टीत काही उरत नाही. म्हणून कारखाने चिमटल्यानंतर कानाच्या दोन पायांत किती फट राहावी याचे माप देतात. ते गाडीगणिक वेगळे असते आणि किटच्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये मिळते. माप हाताशी नसेल तर निदान एवढे पाहावे, की कान सरळ उभा आहे, एका अंगाला कललेला नाही, त्याचे पाय जवळ आले आहेत पण पट्टी कानाच्या मुळाशी चिरलेली नाही, आणि बोटाने जोर देऊन फिरवून पाहिले तर क्लॅम्प बुटावर घसरत नाही.

यासाठी लागणारा जंबूर बोथट तोंडाचा असतो. खिळे उपटायच्या धारदार जंबुराने काम होते, पण तो कानाच्या पायाला खाच पाडतो आणि काही महिन्यांनी पट्टी तिथूनच तुटते. एक योग्य पकड फार महाग नसते. आपल्या गॅरेजमध्ये ती आहे का, एवढे विचारले तरी कामाचा अंदाज येतो.

जुना कानाचा क्लॅम्प सोडवून परत लावणे हाही काटकसरीचा भ्रम आहे. एकदा चिमटलेले पोलाद सरळ करून पुन्हा चिमटले की त्याच जागी कमकुवत होते.

बूट बसवताना उभे राहून काय पाहावे

क्लॅम्प कितीही चांगला असो, खालची जागा स्वच्छ नसेल तर तो हरतो. सांध्याच्या वाटीवर आणि दांड्यावर बूट बसण्यासाठी खाच किंवा कडा असतात. जुने ग्रीस पुसून, गंज काढून ही जागा कोरडी करावी लागते. सांध्यात ग्रीस भरताना ते बुटाच्या ओठाखाली, म्हणजे तोंडाच्या कडेखाली, आले तर क्लॅम्प रबराला धातूवर दाबण्याऐवजी ग्रीसच्या थरावर दाबतो, आणि बूट सरकतो. पुष्कळ मेकॅनिक उदार हाताने ग्रीस भरतात आणि ओठ मात्र पुसत नाहीत. हे काम चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असावे असे मला वाटते.

ग्रीस किटमध्ये आलेल्या पुडीतलेच वापरावे. बाहेरच्या सांध्याचे ग्रीस बहुधा मॉलिब्डेनम घातलेले, काळेशार असते, आणि तीन रोलरांच्या आतल्या सांध्याला अनेकदा निराळे ग्रीस लागते. चाकाच्या बेअरिंगचे एपी-3 ग्रीस डब्यात उघडेच पडलेले असते म्हणून ते भरणे योग्य नाही. आतला सांधा असेल तर त्याची वाटी बाहेरून कधी तीन पाकळ्यांची असते. तिथे बुटाच्या आत त्या पाकळ्यांच्या आकाराची कडी असते, ती फिरून बसली तर गोल क्लॅम्प कितीही आवळला तरी खाली पोकळ्या राहतात.

क्लॅम्पचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मोठ्या तोंडाचा क्लॅम्प पक्का करावा, मग एक्सल त्याच्या सांगितलेल्या लांबीला धरून छोट्या तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर सरकवावे. 'फुस्' असा बारीक आवाज होऊन आतली जास्तीची हवा निघून जाते, किंवा बूट आत चेपला असेल तर हवा आत येऊन तो पूर्ववत होतो. त्यानंतरच छोटा क्लॅम्प आवळायचा. हवा अडकून राहिली तर तापल्यावर बूट फुग्यासारखा टम्म होतो आणि तीच हवा ग्रीसला क्लॅम्पखालून बाहेर रेटते. आतला सांधा सरकत असल्याने त्याच्या बुटाला याचा त्रास अधिक.

शेवटी चाक बसवण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून एक्सल हाताने एक फेरी फिरवून पाहावा. क्लॅम्पचा कान कशालाही लागता कामा नये. आणि हे सारे बघायला गाडीखाली वाकायचे तर गाडी स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर नव्हे.

एक्सल न काढता बसणारे, उभे कापून पुन्हा चिकटवायचे बूटही मिळतात. मजुरी वाचते हे खरे. पण त्यांचा जोड नेमका क्लॅम्पखालून जातो आणि तिथे सरसाचा एक दाणा उंच राहिला तरी दाब तुटतो. मोठ्या शंकूवरून ताणून चढवायचे ताणबूट त्यापेक्षा बरे. तरी त्यांचे टोक मापाने कापावे लागते आणि कापलेली कड सरळ नसेल तर क्लॅम्प तिरका बसतो.

डाग पाहून कारण ओळखता येते

गॅरेजला जाण्यापूर्वी घरीही बरेच कळते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी बंद करावी आणि बॅटरीच्या उजेडात चाकाच्या मागे पाहावे. ग्रीस ज्या जागेतून सुटते त्याच रेषेत गोल फिरून बाहेर फेकले जाते. त्यामुळे क्लॅम्पखालून गळत असेल तर रिमच्या आतल्या भागावर, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मवर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर एक अरुंद, सरळ पट्टा उमटतो, आणि तो बरोबर क्लॅम्पच्या समोर असतो. घडी फाटली असेल तर शिंतोडे रुंद आणि वेडेवाकडे असतात. पट्टा अरुंद असेल आणि वळताना आवाज नसेल, तर पुष्कळदा बूट काढून, ग्रीस नवे भरून आणि क्लॅम्प नीट बसवून काम भागते. पण पावसात पुष्कळ दिवस गळत राहिले असेल तर आधी जुने ग्रीस दोन बोटांत चोळून पाहावे: खरखर लागली की सांधा उघडून धुऊन, खाचा तपासल्याशिवाय नवा बूट चढवू नये.

नवा बूट बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत क्लॅम्पच्या कडेला बारीक ओलसर रेघ दिसली तर घाबरू नये. ओठावर राहिलेले ग्रीस असते. ती पुसून टाकावी आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. पुन्हा आली तर क्लॅम्प चुकला आहे.

'त्यापेक्षा सरळ नवा एक्सल का नको?'

"भिया, पूरी एक्सल ही डलवा लो, झंझट खत्म," हा सल्ला नेहमीच लबाडीचा नसतो. वळताना कट-कट येत असेल, किंवा गाडी वेग घेताना पुढून थरथरत असेल आणि टायर-बॅलन्सिंगने ती जात नसेल, तर अनुक्रमे बाहेरचा किंवा आतला सांधा झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग बुटावर मजुरी घालवणे व्यर्थ आहे. मजुरीचा मोठा भाग एक्सल उतरवण्यात जातो, आणि तो दोन्हीकडे सारखाच लागतो. झिजलेला सांधा सहसा वाटेत अचानक दगा देत नाही. परंतु अगदी शेवटच्या अवस्थेत तो सुटला तर गाडी गिअरमध्ये असूनही जागची हलत नाही, आणि घाटात ते परवडणारे नसते.

सांधा शाबूत असेल तर मात्र कंपनीचा मूळ एक्सल नव्या बुटासह ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण स्वस्त तयार एक्सलच्या सांध्यांची घडण मूळ मापाइतकी चोख असेलच असे नाही. त्यातही बूट आणि क्लॅम्प आधीच बसवलेले असतात, म्हणजे वर सांगितलेले सगळे दोष तिथेही असू शकतात, फक्त ते दुसऱ्याच्या हातून झालेले. तेव्हा तयार एक्सल घेतलाच, तर तो गाडीला चढण्यापूर्वी दुकानातच चारही क्लॅम्पचे कान पाहून घ्यावेत, बूट दांड्यावर फिरतो का ते हाताने तपासावे, आणि खोक्यात ग्रीसचे डाग असतील तर तो परत करून दुसरा मागावा.